करडीच्या दुधातले सरगुंडे

भाऊंना वेडं म्हणायचा हक्क मी दोनच माणसांना देते. एक त्यांची बायको आणि दुसरी मी. बायकोने त्यांच्याशी जन्मभर संसार केला आणि मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहून पाच-सहा वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं. बाकी बुलढाण्याने त्यांच्या हातचा घास तोंडात न घालताच त्यांना वेडं ठरवलं होतं, आणि असल्या निकालाला माझ्या लेखी काडीची किंमत नाही.

अजूनही कधी तिकडे जाणं झालं की कोणीतरी हसत विचारतं, ते बिनदुधाचे भाऊ तुमचेच ना घरमालक? मी म्हणते, हो, माझेच, आणि त्यांच्या खिरीसारखी खीर तुमच्या गोठ्यातल्या सगळ्या म्हशी मिळूनही देणार नाहीत. मग समोरचा पावसापाण्याचं बोलायला लागतो.

आम्ही बुलढाण्याला आलो तेव्हा महाराष्ट्र नवा होता, जिल्हा परिषद त्याहून नवी होती आणि आमचं लग्न सगळ्यात नवं होतं. यांची नोकरी जिल्हा परिषदेत, माझी मुलींच्या शाळेत. कोर्टामागच्या गल्लीत भाऊंचं घर होतं. पुढे ते, वहिनी आणि त्यांची एकुलती एक लेक सुमन, मागे आम्ही. भाऊ गुरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले. उंच, हडकुळे, कानांवर केस, नोकरीतली खाकी अर्धी चड्डी अजून अंगात, आणि तिच्यावर कमरेला वहिनींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला.

सामान लावून झालं तशी मी नव्या भाडेकरणीच्या रीतीने त्यांच्यापुढे चहाचा कप धरला. त्यांनी कपात वाकून पाहिलं.

"याच्यातलं दूध कोणाचं हाये, बाई?"

मी म्हटलं, गवळ्याचं.

"गवळ्याले कवापासून पान्हा फुटते?"

माझं माहेर जानेफळचं. तिरकस बोलण्याला बिचकणारी मी नव्हे. पण या प्रश्नावर मीही कपात वाकून पाहिलं. त्यांनी कप अदबीने परत दिला, आत गेले आणि वाटीत काहीतरी पांढरं, दाट, कोमट घेऊन आले. घरात नवीन माणूस आलं तर आपण त्याचं तोंड गोड करावं, त्याच्याकडून करून घेऊ नये, असं म्हणाले आणि मी खाईपर्यंत समोर उभे राहिले. वाटीत सरगुंडे होते.

सरगुंडे म्हणजे काय हे आमच्या भागाबाहेर सांगावं लागतं. घट्ट मळलेल्या कणकेची बारीक दोरी वळायची, ती स्वच्छ काडीवर गोल गोल गुंडाळायची, तळहाताने हलकं दाबून फिरवायची आणि काडी ओढून घ्यायची. हातात पोकळ नळी राहते. त्या नळ्या उन्हात वाळवून ठेवायच्या आणि लागतील तेव्हा उकडायच्या. पोकळ असल्यामुळे ज्यात टाकाल ते त्या आत ओढून घेतात. आमच्याकडे त्या म्हशीच्या आटीव दुधात टाकतात, वर साखर, वर तूप, आणि पाहुणा मोठा असला तर पुन्हा तूप. जावई आला की हे, व्याही आला की हे. खाऊन झालं की सगळं घर पोटावर हात ठेवून दिवस कलेपर्यंत आडवं होतं आणि उठल्यावर ओवा शोधतं. या आडवं होण्यालाच आम्ही पाहुणचार म्हणतो.

भाऊंच्या वाटीतलं दूध करडीचं, म्हणजे करडईच्या बियांचं होतं. जालन्याकडच्या घरांत करडी भिजवून, वाटून, फडक्यातून पिळून तिच्या दुधात गव्हाची खीर करतात, तेव्हा ते दूध काही भाऊंनी शोधून काढलं नव्हतं. त्यांनी केलं ते असं, की त्या दुधाला म्हशीच्या दुधाच्या पाटावर नेऊन बसवलं. शेंगदाणे भिजवून, टरफलं काढून, गंधासारखे बारीक वाटून ते त्यात मिसळत. त्यामुळे दुधाला दाटपणा येई आणि वर साय धरल्यासारखी दिसे. थोडी खसखस, थोडे पांढरे तीळ, गूळ, वेलची. मी ती वाटी पुसून खाल्ली आणि दुपारी शाळेच्या वह्यांची चळत तपासली. डोळा लागला नाही की घशाशी आलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्यांची चेष्टा करणारे सगळे दुपारी घोरत असत.

पुरुषाने सरगुंडे वळावेत हे गल्लीला दूध सोडण्यापेक्षाही जास्त झोंबलं होतं. भाऊ अंगणात चटई टाकून बसत. बसण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे, गाय तपासायला निघाल्यासारखे, आणि समोर कोणी असो नसो, "सरका" म्हणायचे. मग काडीमागून काडी. भिंतीवरून बायका डोकावत आणि पदर तोंडाला लावून हसत. भाऊ मान वर न करता त्यांना सांगत, की हसता हसता एकीने तरी इकडे येऊन काडी धरावी, म्हणजे तिचं हसणं कामी येईल. एकदा एक म्हातारी खरंच आली. भाऊंनी तिचे सरगुंडे बाजूला ठेवले आणि ते कसे जाड झालेत यावर संध्याकाळपर्यंत तिला ऐकवलं. पुन्हा कोणी आलं नाही.

त्यांचा हट्ट शेवटाला न्यायचा स्वभाव होता. एका हिवाळ्यात त्यांच्या डोक्यात सरकी शिरली. आमचा मुलूख कापसाचा. सरकी काढली की ती म्हशीला घालायची, म्हणजे दूध दाट येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाऊ आमच्या दारात येऊन यांना म्हणाले, "सरकी म्हशीत घालता, अन् म्हशीतून दूध काढता. मंग मधात म्हैस काऊन पाह्यजे?"

यांना विचार पटला. हे जिल्हा परिषदेत असल्यामुळे यांना मधली माणसं काढून टाकायचे सगळेच विचार पटत. दोघांनी मिळून सरकी वाटली, दूध काढलं, त्यात शेवया शिजवल्या आणि मला न विचारता खाल्ल्या. पुढचे दोन दिवस एका घरात वहिनी आणि दुसऱ्या घरात मी लिंबूपाणी करत होतो. तिसऱ्या दिवशी भाऊ काठी टेकत आले, ओट्यावर बसले आणि म्हैस मध्ये लागते एवढंच म्हणून परत गेले. चूक झाली तर ती कबूल करायला ते दोन वाक्यं कधी वापरत नसत.

पण बाकीचं जमलं होतं. वरणफळांत तुपाऐवजी ते जवस आणि तीळ भाजून, वाटून टाकत, आणि वरणाला अशी काही माया येई की बोटं चाटावीत. यांना पित्ताचा जुना त्रास. त्यांच्याकडे रात्रीचं जेवायला लागल्यापासून उशाशी ठेवलेली सोड्याची बाटली धूळ खात पडली. तरी हे सकाळचा दुधाचा चहा सोडायला तयार नव्हते, आणि भाऊंनीही कधी सोडा म्हटलं नाही. वनस्पती तुपावर मात्र ते फार चिडत. ते तूप नाही, तुपाचं सोंग आहे, असं म्हणत. मी एकदा चिडवलं, की मग तुमची खीर तरी काय, दुधाचं सोंगच. त्यांनी मला नीट वळून पाहिलं आणि सांगितलं, की मी तिला करडीची खीर म्हणतो, दुधाची म्हणून वाढली असेल तर दाखवा. 

वहिनींनी दूधतूप सोडलं नव्हतं. त्यांची तुपाची बरणी माझ्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे असे. भाऊ अंघोळीला गेले की त्या मागच्या दाराने येत, गरम भाकरीवर तूप घालून उभ्या उभ्या खात आणि तोंड पुसून जात. आम्ही दोघी या चोरीत वर्षभर रमलो होतो. एक दिवस भाऊ भाजी आणायला निघाले आणि जाता जाता मला म्हणाले, की पिठाच्या डब्यामागचं तूप संपत आलं असेल, देऊळघाटचा माणूस आज बाजारात येणार आहे, तिला सांगा. वहिनी आतून ऐकत होत्या. त्यांनी तेव्हापासून बरणी स्वतःच्या फडताळात ठेवली, पण म्हणत, की आता पहिल्यासारखं लागत नाही.

दूध का सोडलं हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही मी विचारलं म्हणून. नोकरीत असताना एका गोठ्यावर ते गाईला औषध पाजायला गेले होते. गाईचं वासरू मेलेलं. वासराशिवाय गाय पान्हा सोडेना, म्हणून मालकाने वासराचं कातडं काढून त्यात कुटार, म्हणजे भुसा, भरलं होतं आणि ते शिवून, चार काड्यांवर उभं करून गाईपुढे ठेवलं होतं. गाय ते चाटत होती आणि दूध देत होती. औषध पाजून झाल्यावर मालकाने त्याच दुधाचा चहा केला. भाऊंनी तो घेतला.

"चांगला होता चहा," ते मला म्हणाले. "त्याचंच त वाईट वाटलं मले."

एवढंच. त्यांनी यावर कधी प्रवचन केलं नाही. घरोघरी चहा नाकारताना ते लोकांना हवं ते समजू देत. कोणी म्हणे पोट नाजूक आहे, कोणी म्हणे कसलंसं व्रत आहे, कोणी म्हणे चिक्कूपणा. खरं कारण सांगितलं असतं तर लोक हसले नसते. पण त्यांना लोकांची दया नको होती. हसणं चालत होतं.

आता लग्नाचं सांगते. बुलढाण्यात त्याची गोष्ट झाली आहे आणि ती सगळे चुकीची सांगतात.

सुमनचं ठरलं ते देऊळघाटला. मोठी शेती, दारात म्हशी, माणसं तालेवार. मुलगा अबोल पण सरळ. त्याचे वडील, म्हणजे भाऊंचे व्याही, अंगाने दांडगे आणि बोलायला मोकळे. सुपारी फुटायच्या दिवशी भाऊ भर बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "माह्या मांडवात दुधातुपाचा थेंब येनार नाई. आत्ताच सांगून राह्यलो. पटत असन त फोडा सुपारी."

व्याही पोट धरून हसले, म्हणाले, "तुमची मीठ-भाकर आमाले बासुंदी," आणि सुपारी फोडली.

सगळा घोळ इथेच झाला. आमच्याकडे मुलीच्या बापाने बैठकीत स्वतःला लहान करून बोलायची रीत आहे. आमच्याने काय होणार, पाणी गरम करून वाढू, गोड मानून घ्या, असं प्रत्येक बाप म्हणतो आणि लग्नात तुपाचा पूर आणतो. मुलाच्या बापाने त्यावर हसायचं असतं. व्याही रीतीप्रमाणे हसले. समोरचा माणूस शब्दाला शब्द खरं बोलतो आहे हे त्यांना कोण सांगणार? मी भाऊंना म्हटलं, की देऊळघाटला एकदा जाऊन त्यांना नीट समजावून या. ते म्हणाले, की चार माणसांत सांगितलं, त्यांनी हो म्हटलं, आता काय दवंडी पिटू? वहिनींनी डोक्याला हात लावला. सुमन तिथेच गहू निवडत बसली होती. तिला विचारावं असं आमच्यापैकी कोणाला सुचलंही नाही.

वैशाखातलं लग्न, सकाळचा मुहूर्त. अक्षता पडल्या तोपर्यंत सगळं आनंदात होतं. मुलाकडची मंडळी रस्त्यापलीकडच्या शाळेत उतरली होती, त्यांच्या जानोशावर. लग्न लागल्यावर ती तिकडे गेली, जरा टेकून पंगतीला येणार म्हणून. तेवढ्यात त्यांच्यातली एक बाई मांडवामागे डोकावून गेली. तिने पाहिलं, की भट्टीवर मोठा गंज चढला आहे, करडीच्या दुधात सरगुंडे मंद शिजतायत, नवरीचा बाप स्वतः चाटू घेऊन ढवळतो आहे आणि कुठेही तुपाचं भांडं नाही. आचारी मिळालेच नव्हते. असल्या स्वयंपाकाला आपलं नाव लागू नये म्हणून सगळ्यांनी हात वर केले होते.

व्याह्याच्या पानात तुपाची धार धरायची, आणि तो हात आडवा धरेपर्यंत थांबवायची नाही, हा आमच्या पंगतीचा मान. ती धारच नाही म्हटल्यावर जानोशावर रुसवा बसला. बोलावणं गेलं, कोणी येईना. रीत अशी, की आता मुलीच्या बापाने जायचं, हात जोडायचे, टोपी पायावर ठेवायची आणि माणसं उठवून आणायची. सगळा मांडव भाऊंकडे पाहत होता आणि भाऊ गंजाकडे.

करडीच्या दुधाचं एक आहे. ते उकळू द्यायचं नाही. मंद जाळावर सारखं हलवत राहायचं. हात थांबला, उकळी आली, की ते फाटतं आणि पाणी वेगळं, गोळा वेगळा होतो. मग ते कोणालाच खाता येत नाही. झालं की लगेच वाढायचं. वहिनी जानोशावर जाऊन रडत परत आल्या. हे गेले, यांना निरोप मिळाला की बापाला पाठवा. भाऊंनी तो ऐकला आणि हात न थांबवता म्हणाले, "रुसवा दोन दिवस ठेवला तरी टिकते. खीर नाई टिकत. जे भुकेले असतील त्यायले बसवा."

भुकेले होते वाजंत्री आणि मुलाकडचे गाडीवाले. त्यांची पंगत सगळ्यात शेवटी बसते, तीही उरलंसुरलं खायला. पहिल्या पंगतीत बसा म्हटल्यावर ते घाबरून मागे सरले. मला भाऊंचा राग आला होता, पण त्या क्षणी त्या जानोशावरच्या लोकांचा जास्त आला. लग्न लागलं, पोरगी त्यांची झाली, आणि तिचा बाप उन्हात भट्टीपुढे भाजतो आहे तो त्यांच्याच पानांसाठी. मी पळसाच्या पत्रावळी उचलल्या आणि ओळीने मांडल्या. सनईवाल्याला दंडाला धरून बसवलं. तो बसला तसे बाकीचे बसले.

इकडे ते सरगुंडे ओरपायला लागले आणि तिकडून हुकूम आला, गाड्या जुपा, परत निघायचं. गाडीवाल्यांनी निरोप्याला सांगितलं, "जेवून राह्यलो ना. जेवलो की जुपतो." आणि पान पुढे सरकवलं. पुन्हा निरोप आला. तोपर्यंत दुसरा वाढा सुरू झाला होता. शेवटी व्याही स्वतः आले. मागे एक माणूस तुपाचा डबा डोक्यावर घेऊन, आणि त्याच्यामागे वरमाय, म्हणजे सुमनची सासू.

आपल्या जागेवर आपले गाडीवाले बसलेले पाहून व्याह्यांचा चेहरा काळानिळा झाला. ते सरळ भट्टीपाशी गेले. त्यांचं म्हणणं त्यांनी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं मांडलं. ही पानं उठवायची, नवी मांडायची, प्रत्येक पानावर हे तूप पडलं पाहिजे, आणि भाऊंनी सगळ्यांदेखत हात जोडायचे. नाहीतर पोरगी इथेच ठेवून जातो.

 आज हे वाचून कोणाला वाटेल, ठेवली तर ठेवली, तिचं नशीब उघडलं. तेव्हा तसं नव्हतं. केसांत अक्षता असलेली मुलगी बापाच्या दारात राहिली, की ती ना लेक राहत होती ना सून. अशा दोन बायका मी शाळेत नोकरीला असलेल्या पाहिल्या होत्या. गाव त्यांच्याशी हसून बोले आणि पाठ वळली की कुजबुजे.

भाऊ ढवळत होते. घाम नाकावरून खाली येत होता. ते म्हणाले, "हात मोकळे नाईत माहे."

"मंग करा मोकळे," व्याही म्हणाले.

तेव्हा सुमन उठली. पिवळं पातळ, कपाळाला मुंडावळ्या, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. नवरी मांडवात आपणहून उठत नाही. ती उठली, भट्टीपाशी आली आणि बापाच्या हातातला चाटू धरला. म्हणाली, द्या बाबा, मला हलवू द्या. भाऊंनी सोडला. तिने पदर कमरेला खोचला आणि ढवळायला लागली, तसंच, एका लयीत.

आता भाऊंचे हात मोकळे होते.

मी पत्रावळ्यांचा गठ्ठा धरून अगदी जवळ उभी होते, म्हणून हे मी पाहिलं. भाऊंनी लेकीकडे पाहिलं. मग व्याह्यांकडे. कमरेच्या लुगड्याला हात पुसले, सावकाश, एकेक बोट. आणि मग ते हात वर आले, छातीपाशी, एकमेकांकडे. बोटं बोटांना टेकत होती.

सुमनने गंजातून नजर काढली नाही. ती म्हणाली, "बाबा, हात जोडसान त मी जाळ वाढवीन. फाटू द्या मंग सारी खीर."

भाऊंचे हात होते तिथेच राहिले.

"मामाजी," ती ढवळता ढवळताच सासऱ्यांना म्हणाली, "तुमच्या घरी येईन त म्हशी पिळीन, तूप कढवीन, तुमच्या पानात मीच वाढीन. त्याले माही ना नाई. पन या मांडवाचं बाबानं सुपारीलेच सांगतलं होतं. तुमी हासून हाव म्हनलं. हासून म्हनलेलं हाव, हाव नसते काय?"

 व्याह्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. सुमनची सासू त्यांच्या शेजारून पुढे आली, पंगतीत शेवटच्या गाडीवाल्यापलीकडे जागा होती तिथे मांडी घालून बसली आणि पान ओढून घेतलं.

"वाढा मले," ती म्हणाली. "माह्या घरात या मानसाले बोलनारं कोनीच नव्हतं. ही पोरगी मी घेऊन जाईन."

मग नवरा मुलगा येऊन आईजवळ बसला. मग हळूहळू बाकीचे आले. व्याही बराच वेळ उभे होते. ऊन चढलं होतं आणि डबेवाल्याने डबा कधीच मांडवाबाहेर उतरवून ठेवला होता. शेवटी तेही बसले, पहिली जागा गेली होती म्हणून ओळीच्या टोकाला. त्यांनी खिरीला चांगलं म्हटलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. मागितली दोनदा.

सुमनने शब्द पाळला. देऊळघाटला ती म्हशी पिळते, तूप कढवते, दुधाचा चहा पिते, आणि तिची मुलं साय खाऊन वाढली. बापाचं मत तिला कधी पटलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं, पटलं नव्हतं. त्या दिवशी ती खिरीसाठी उभी राहिलीच नव्हती. आपल्यापायी बापाला त्याच्या शब्दावरून मागे सरावं लागू नये, एवढंच तिला पाहिजे होतं, आणि त्यासाठी तिने आपला सगळा संसार पणाला लावला. मी इतकी धीट बाई नंतर पाहिली नाही. बुलढाण्यात मात्र गोष्ट अशी सांगतात, की म्हातारा व्याह्यापुढे वाकला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातून आले तेव्हा भाऊ ओट्यावर बसले होते. मांडव उतरवला होता. गंज पालथा घालून ठेवलेला. मी जवळून जायला लागले तशी त्यांनी हाक मारली.

"बाई, तुमी जवळ होत्या. तुमी पाह्यलं."

मी हो म्हटलं.

"मी जोडून राह्यलो होतो हात."

मी म्हटलं, जोडले तर नव्हते भाऊ. टेकत होते.

"एकच झालं ते. म्या सोडलं होतं, बाई. तिनं नाई सोडलं."

आणि ते रडायला लागले. पुरुष तोंड लपवून रडतात तसे नाही, ओट्यावर, भर दुपारी, मोठ्याने. कोर्टाची मधली सुट्टी झाली होती आणि गल्लीतून माणसं चालली होती. ती थांबून पाहू लागली. समोरच्या खिडकीत दोन बायका आल्या. वहिनी घाईने बाहेर आल्या, त्यांच्या खांद्याला धरून म्हणाल्या, की आत चला, सारी गल्ली पाहून राह्यली.

भाऊंनी त्यांचा हात बाजूला केला.

"पाहू दे," ते म्हणाले. "पाहू दे त्यायले. मले अशी लेक झाली."